पिवळी भाच्याला देण्याआधी

गेम खेळायचा नवा कन्सोल हातात आला की पहिलं सुचतं ते जुना कुणाला द्यायचा, कितीला विकायचा. तिथंच थांबा. जुन्यातलं सगळं नव्यात आलंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत जुन्याला धक्का लावू नका, कुणी कितीही मागं लागलं तरी. मला हे फार महागात पडून कळलं, म्हणून जरा लांबण लावून सांगते.

मी लातूरला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझ्याकडं पाच वर्षं निन्टेंडो या जपानी कंपनीचा, हातात धरून खेळायचा स्विच लाईट होता, पिवळ्या रंगाचा. आमच्या घरात लाईट म्हणजे वीज. 'माझा लाईट कुठंय' म्हटलं की आई भिंतीवरच्या बटणाकडं बघायची. तेव्हापासून त्याचं नाव पिवळी पडलं आणि इथंही मी पिवळीच म्हणणार आहे. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. अमेरिकेतला चुलतभाऊ दिवाळीला येणार होता, त्याला आणायला सांगितला. पिवळी नांदेडच्या भाच्याला द्यायचं ठरलं. तो दहा वर्षांचा आहे आणि मावशीच्या हातातली पिवळी तो तीन वर्षं लांबून बघतोय.

आता आधी काय झालं होतं ते.

२०२२ मध्ये पिवळीची डावी स्टिक, म्हणजे अंगठ्यानं फिरवायची दांडी, बिघडली. बोट न लावता गेममधला माणूस आपसूक वर चालत सुटायचा. याला ड्रिफ्ट म्हणतात. सेटिंग्जमधल्या 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स'मध्ये जाऊन स्टिक कॅलिब्रेट केली, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. लाईटची स्टिक मोठ्या स्विचसारखी सुटी निघत नाही, अख्खा कन्सोल उघडावा लागतो. म्हणून एका दुरुस्तीच्या दुकानात टाकला. तीन दिवसांनी परत आणला तेव्हा स्टिक एकदम ठीक होती. पण चालू केल्या केल्या तो मला भाषा विचारायला लागला. कोरा कन्सोल पहिल्यांदा विचारतो, तशी. पोटात गोळाच आला.

बिघाड सॉफ्टवेअरचा आहे का हे बघायला कारागिरानं सगळ्यात आधी तो रीसेट करून टाकला होता. त्यानं विचारलं नाही, आणि आत काय आहे ते मी सांगितलं नाही.

आत माझी शेती होती. स्टारड्यू व्हॅली नावाचा गेम आहे, एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवलेला. आजोबांनी मागं ठेवलेली पडीक जमीन कसायची, एवढीच गोष्ट. त्यातला एक दिवस आपल्या साधारण १४ मिनिटांचा, २८ दिवसांचा ऋतू, चार ऋतूंचं वर्ष. तिसरं वर्ष लागलं की वारलेले आजोबा येतात आणि नातवंडानं जमिनीचं काय केलं ते बघतात. माझ्या शेताचं नाव होतं 'माळ', औशाजवळच्या आमच्या खऱ्या रानावरून ठेवलेलं. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्याची २४ तारीख होती. आजोबा यायला पाचच दिवस राहिले होते. दिवसाला १४ मिनिटं धरली तरी ५० तासांची मशागत झाली, आणि ती एका बटणानं गेली.

त्या ५० तासांतले बरेच तास अण्णा शेजारी होते. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे गावी होतो. संध्याकाळी बाजेवर बसून मी खेळायची आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून त्या साडेपाच इंचाच्या स्क्रीनमध्ये वाकून बघायचे. एकदा उन्हाळ्याच्या २० तारखेला मी टोमॅटो लावले. अण्णांनी विचारलं, "ह्येला दिवस पुरतेत का?" टोमॅटोला ११ दिवस लागतात आणि ऋतू संपायला आठच उरले होते. ऋतू बदलला की त्या गेममध्ये अवेळी लावलेलं पीक एका रात्रीत वाळून जातं. सकाळी सगळा वाफा तपकिरी झालेला बघून अण्णा काही बोलले नाहीत, माझ्या पाठीवर हात ठेवून उठले. गेममधल्या टीव्हीवर उद्याचं हवामान कळतं आणि ते खरं ठरतं. ते अण्णा रोज विचारायचे. पाऊस आहे म्हटलं की म्हणायचे, "मग पाणी देऊ नको, झोप जा." २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या गावातली माणसं आम्ही. गेममधला पाऊस सुरू झाला की आवाज वाढवून ऐकत बसायचो.

म्हणून म्हणते, कन्सोल बदलताना खरं हलवायचं असतं ते सेव्ह, म्हणजे आपण कुठवर खेळलो त्याची नोंद. गेम पुन्हा डाउनलोड होतो, गेमचं कार्ड पुन्हा विकत मिळतं. सेव्ह एकच असतो.

घेतानाच बघायच्या गोष्टी

निन्टेंडो आपल्या देशात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. मुंबई-पुण्याच्या दुकानात दिसतात ते बाहेरून आणलेले असतात, किंवा माझ्यासारखा कुणी नातेवाईक आणतो. त्यामुळं खोक्यावर नीट नजर टाका. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारचा मिळतो. २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला स्वस्तातला कन्सोल फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच खातं जोडता येतं. सगळ्या भाषांचा तेव्हा ६९,९८० येनला होता. कुणी बाजारभावापेक्षा बराच स्वस्त देतो म्हणाला तर पहिला प्रश्न हाच विचारा. स्वस्तातला घेतलात तर तुमचं जुनं खातं त्यावर उघडणार नाही, आणि मग खाली मी जे काही सांगतेय त्यातलं काहीच करता येणार नाही.

सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच मोबाईलचा हॉटस्पॉट लावून ई-शॉप, म्हणजे निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान, उघडून बघा. चोरीच्या गेमची कार्डं लावल्यामुळं निन्टेंडोनं ऑनलाइन बंदी घातलेले कन्सोलही बाजारात फिरतात. वरून ते नवेकोरे दिसतात, पण नेटला जोडल्यावर उघडं पडतं.

चार्जरची काळजी नको. अमेरिकेतून आणलेल्याच्या पिना चपट्या असतात, आपल्या बोर्डात बसत नाहीत, पण चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. साधा पिन बदलायचा अडॅप्टर पुरतो, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. कुणी हजार रुपयांचा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारत असेल तर ते छापलेलं वाचून दाखवा.

मेमरी कार्डाचं मात्र लक्षात ठेवा. स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस नावाचंच कार्ड लागतं. जुन्या लाईटमधलं साधं मायक्रोएसडी त्यात बसतं, पण त्यावरून फक्त जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेता येतात, गेम चालत नाहीत. नवं कार्ड लगेच घ्यायची गरज नाही. लाईटमध्ये ३२ जीबी होते, यात २५६ जीबी आहेत.

आणि स्विच २ च्या काही गेमच्या खोक्यांवर पुढच्याच बाजूला 'गेम-की कार्ड' अशी पट्टी असते. त्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते. गेम नेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. आमच्या गावात दुपारी मोबाईलला एक कांडी रेंज असते, तिथं असलं कार्ड घेऊन गेलात तर पोरं रडकुंडीला येतील. स्विचची जुनी कार्डं बहुतेक आहेत तशी नव्यात चालतात, ती मोडीत काढू नका.

हातात धरायचं म्हणाल तर पिवळी २७५ ग्रॅमची होती, हा बाजूच्या कंट्रोलरांसकट ५३४ ग्रॅमचा आहे. झोपून, हात वर धरून खेळायची सवय असेल तर पहिल्या आठवड्यात मनगट बोलतं. बॅटरीही लाईटपेक्षा जास्त पुरत नाही. लाईट तीन ते सात तास, हा दोन ते साडेसहा. एवढा खर्च करण्यासारखा स्क्रीन आहे का? माझ्यासाठी होता, कारण हा टीव्हीला जोडता येतो. लाईट टीव्हीला जोडताच येत नाही, आणि अण्णांना आता वाकून बघवत नाही.

नवं खोकं फोडायच्या आधी, जुन्यावर

हे काम आदल्या दिवशी उरकून ठेवा.

पहिलं, गेममध्ये जाऊन खरोखर सेव्ह करा. गेम मागं ठेवून स्क्रीन बंद करणं म्हणजे सेव्ह नव्हे, ते नुसतं डुलकी घेणं आहे. प्रत्येक गेमची सेव्ह करायची रीत वेगळी असते. स्टारड्यूमध्ये माणूस पलंगावर जाऊन झोपला तरच दिवस सेव्ह होतो. भर दुपारी गेम बंद केला तर त्या दिवसाची सगळी पेरणी पाण्यात. म्हणून आधी झोपवा, दुसरी सकाळ उजाडू द्या, तारीख कागदावर लिहून घ्या, आणि मगच होम स्क्रीनवर येऊन एक्स दाबून गेम पूर्ण बंद करा. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं: माळ दुसरा, वर्ष चौथं, पावसाळी सकाळ, वसंत १७, गल्ल्यात किती, कोंबड्या किती. गंमत म्हणून नाही. नंतर ताळा करायला काहीतरी हातात हवं.

दुसरं, निन्टेंडो खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आत्ताच एकदा टाकून बघा. पाच वर्षांपूर्वी काढलेलं खातं कुठल्या ईमेलवर आहे हे निम्म्यांना आठवत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर ज्या मोबाईलवर ते अ‍ॅप होतं तो मोबाईल बदललाय का हेही बघा. बॅकअपचे कोड लिहून ठेवलेले असतील तर शोधून ठेवा. तुमचं कन्सोलवरचं युजर या खात्याला जोडलेलं नसेल तर आधी जोडून घ्या.

तिसरं, जुना कन्सोल अपडेट करा. आवृत्ती २०.०.० किंवा त्यापुढची हवी. ती आली की सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम'खाली स्विच २ कडं नेण्याचा पर्याय दिसायला लागतो. माझी पिवळी सहा महिने नेटला जोडलेली नव्हती, तिला तो पर्याय दिसतच नव्हता, आणि मी उगाच अर्धा तास शोधत बसले.

चौथं, फोटो. खेळताना काढलेले स्क्रीनशॉट पिवळीत ६०० च्या वर होते. ट्रान्सफरच्या भरवशावर न राहता ते आधी संगणकावर उतरवून घेतले: सेटिंग्ज, 'डेटा मॅनेजमेंट', स्क्रीनशॉट सांभाळायचा पर्याय, आणि त्यात यूएसबीनं संगणकावर. केबल डेटा नेणारी हवी. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलनं संगणकाला कन्सोल दिसतच नाही आणि आपल्याला वाटतं पोर्ट खराब झालं. दहा-वीसच फोटो हवे असतील तर कन्सोलवरचा क्यूआर कोड मोबाईलनं टिपूनही घेता येतात, एका वेळी दहा.

पाचवं, क्लाउड. निन्टेंडो स्विच ऑनलाइनचं सदस्यत्व घेतलं तर सेव्हची एक प्रत क्लाउडवर, म्हणजे नेटवरून निन्टेंडोच्या सर्व्हरवर, राहते. अमेरिकेच्या खात्याला वर्षाचे १९.९९ डॉलर, महिन्याचे ३.९९. २०२२ नंतर मी ते कधी संपू दिलं नाही. नुसत्या बदलापुरतं एक महिना घेतलं तरी चालेल. तेवढ्यानं ट्रान्सफर अर्ध्यात अडकलं तरी जिवाला घोर राहत नाही. पैसे भरायला गिफ्ट कार्डाचा कोड घ्याल तर तुमच्या खात्याचा देश जो असेल त्याच देशाचा घ्या, दुसऱ्या देशाचा कोड चालत नाही. आणि सगळे गेम क्लाउडवर जात नाहीत. पोकेमॉनचे मुख्य गेम जात नाहीत. घरात पोकेमॉन खेळणारं पोर असेल तर क्लाउड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचा सेव्ह ट्रान्सफरनंच जाणार.

प्रत्यक्ष बदल

मी धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी साडेसहाला बसले. लातूरच्या घरी, गावी नाही. सकाळ यासाठी की लाईट जायची शक्यता कमी आणि नेट मोकळं. राउटर आणि दोन्ही चार्जर इन्व्हर्टरवरच्या बोर्डात लावले. ट्रान्सफर चालू असताना राउटर बंद पडणं हे आपल्याकडं सगळ्यात सहज होणारं विघ्न आहे, त्याची सोय आधी बघा. मे महिन्यात करत असाल तर पहाटेच करा. हे कन्सोल ५ ते ३५ अंशांत वापरायचे असतात आणि आपल्याकडं दुपारी पंख्याखालीसुद्धा चाळिशी असते. चार्जिंगला लावून पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

नवा चालू केला की तो भाषा विचारतो, प्रदेश विचारतो, वायफाय मागतो, मग स्वतःचं अपडेट उतरवून घेतो. हे अपडेट टाळू नका, जुने गेम त्याशिवाय चालत नाहीत. पुढं तो विचारतो की जुन्या स्विचवरून डेटा आणायचा का. हाच तो प्रश्न. पोरांच्या गलक्यात, 'नंतर बघू' म्हणून पुढं दाबत गेलात तर अख्खं ट्रान्सफर करायला नवा कन्सोल पुन्हा कोरा करून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून पहिल्यांदा चालू करताना शेजारी कुणी नसलेलं बरं.

इथं दोन वाटा आहेत. दोन्ही कन्सोल तुमच्याजवळ असतील तर समोरासमोरची वाट घ्या. जुना आधीच द्यावा लागणार असेल, समजा तो देऊनच नवा घ्यायचाय, तर जुन्यातला डेटा निन्टेंडोच्या सर्व्हरवर चढवता येतो. पण तिथं चढवला की जुना कन्सोल तिथल्या तिथं कोरा होतो. म्हणजे मधल्या काळात तुमची शेती ना इथं ना तिथं, नुसती सर्व्हरवर. अगदीच इलाज नसला तरच त्या वाटेनं जा. जुना देऊन नवा घेणाऱ्या दुकानदाराला मी तर सांगेन, दोन दिवस थांब, मग देते.

समोरासमोरच्या वाटेला जुन्यावर सेटिंग्ज, 'सिस्टिम' आणि 'सिस्टिम ट्रान्सफर टू निन्टेंडो स्विच २' उघडायचं. दोन्ही एकाच टेबलावर शेजारी ठेवायचे. ते एकमेकांना ओळखतात, तुम्ही हो म्हणायचं, आणि मग हात मागं घ्यायचा. मध्येच बटण दाबून बघू नका, उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नका. माझं काम चहा होऊन, अंगणात रांगोळी काढून होईपर्यंत झालं. दर दोन मिनिटांनी आत येऊन बघत होते, आई म्हणाली, "दूध उतू जायचंय का तिथं?"

झालं म्हटल्यावर स्क्रीनवर गेमची चित्रं रांगेत दिसतात, पण गेम अजून आलेले नसतात. ते एकेक करून नेटवरून उतरवायचे. सगळे एकदम लावू नका. झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डसारखा गेम डाउनलोडचा असेल तर एकटाच १४ जीबीच्या वर जातो. माझ्याकडं त्याचं कार्ड होतं म्हणून सुटले. ज्याचा सेव्ह तपासायचा तो गेम आधी, बाकीचे रात्री.

स्टारड्यू उतरला. उघडला. वही समोर ठेवली. माळ दुसरा, वर्ष चौथं, वसंत १७. गल्ला जुळला, कोंबड्या जुळल्या. बाहेर पाऊस पडत होता, जसा पिवळीत ठेवून आले होते तसाच. मी एक दिवस खेळले, झोपले, गेम बंद केला, पुन्हा उघडला, १८ तारीख दिसली. इथवर आल्यावरच काम झालं म्हणायचं. नुसता सेव्ह दिसला म्हणजे झालं असं नाही, नव्यात तो पुन्हा सेव्ह होतोय हेही बघायचं. मग दुसरा गेम, तिसरा गेम. कधीकाळी खेळून सोडलेलेही उघडून बघा. पिवळी गेल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

जुने गेम हातात धरून खेळताना थोडे मऊ, धुरकट वाटतील. लाईटचा स्क्रीन ७२० पिक्सेल उंचीचा होता, याचा १०८० चा आणि ७.९ इंचाचा, म्हणून चित्र ताणलं जातं. कन्सोल खराब नाही. स्टारड्यूसारख्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्राला ते जाणवतही नाही.

पिवळी देताना

मी पिवळी आणखी चार दिवस कपाटात ठेवली. ताई लक्ष्मीपूजनाला माहेरी आली, भाचा दारातच हात पुढं करून उभा, तरी त्याला म्हटलं पाडव्याला देते. तोवर मी रोज नव्यावर काहीतरी उघडून बघत होते. पाडव्याला सकाळी सेटिंग्ज, 'सिस्टिम', 'फॉरमॅटिंग ऑप्शन्स' आणि 'इनिशियलाइझ कन्सोल'. तेच बटण, पण या वेळी दाबणारी मी होते. आतलं मेमरी कार्डही फॉरमॅट केलं. आपलं खातं आत ठेवून कन्सोल कुणाला देऊ नका, मग तो घरचा का असेना. खात्याला तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं आणि पोरं ई-शॉपमध्ये शिरतात.

भाच्यासाठी माझ्या फॅमिली ग्रुपमध्ये मुलाचं खातं काढलं. एका ग्रुपमध्ये आठ खाती बसतात. याचा मोठा फायदा आहे: डाउनलोड करून घेतलेले गेम आता व्हर्च्युअल कार्डाच्या रूपात असतात आणि ग्रुपमधल्या माणसाला १४ दिवसांसाठी उसने देता येतात. देताना दोन्ही कन्सोल जवळ हवेत, मुदत संपली की गेम आपोआप परत येतो. तेवढे दिवस तो आपल्याला खेळता येत नाही, सेव्ह मात्र आपला आपल्याकडंच राहतो. मी स्टारड्यू दिवाळीपुरता त्याला दिला, आणि त्याला खरंच गोडी लागली हे बघून मग वेगळा घेऊन दिला. ताईनं मोबाईलवर निन्टेंडोचं पालकांचं अ‍ॅप टाकून रोजचा अर्धा तास ठरवला. अर्ध्या तासात गेमचे दोन दिवस होतात, तेवढी शेती पुष्कळ.

त्या वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टीनं आमचं सोयाबीन पाण्यात उभं राहून गेलं होतं. दिवाळी तशीच होती. उसना गेम परत आल्यावर मी एका रविवारी नवा कन्सोल घेऊन गावी गेले आणि टीव्हीला लावला. अण्णा खुर्ची ओढून बसले. चष्मा कपाळावर न चढवता, मागं रेलून. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "ही तीच जमीन का?" मी सांगितलं, ती गेली अण्णा, ही दुसरी, पण नाव माळच. "मग आजोबा आलते का ह्या बारीला?" आलते, म्हटलं. आजोबा खूश झाले की गेममध्ये पेटतात त्या चारही मेणबत्त्या पेटल्या होत्या.

भाचा नांदेडला गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज रडवेला. सगळा वाफा पेरला होता, पाणी दिलं होतं, आईनं जेवायला हाक मारली म्हणून गेम बंद केला, आणि आता जमीन पुन्हा मोकळी दिसतेय. पिवळी बिघडली का मावशी?

म्हटलं, पिवळी चांगली आहे. बंद करायच्या आधी माणसाला घरात नेऊन झोपवलंस का?

"नाही."

मग जा, पुन्हा पेर. अजून वसंताची तिसरीच तारीख आहे, पार्सनिपच्या कंदाला चार दिवस लागतात.